कोयनेच्या बाजूला ग्रॅव्हल बाईक न्यायची आहे? आधी माथा की खोरं ते ठरवा

विचारलेलं थोडक्यात असं: पुण्यात राहतो, नवीन ग्रॅव्हल बाईक (कच्च्या रस्त्यावर चालणारी सायकल) घेतली आहे, ४० मिमीचे टायर, पुढे पायडलपाशी ४० दात्यांची एकच चेनरिंग, मागच्या चाकाला ११ ते ४२ दात्यांच्या चक्रांची कॅसेट. जानेवारीत तीन दिवस सुट्टी आहे. सातारा-कोयना भागात दाट जंगलातून, शक्यतो डांबर न लागता, रोज शंभर किलोमीटर जायचं आहे. कुणाकडे जीपीएक्स, म्हणजे फोनवर टाकायची मार्गाची फाईल, आहे का? एकट्याने गेलं तर चालेल का? जमलं तर पुढे आंबोली-तिलारीही करायचं आहे.

मी साताऱ्याचाच. या डोंगरांत सायकलवर लोकांना घेऊन जाणं हे बरीच वर्षं चालू आहे, त्यामुळे हा प्रश्न ओळखीचा आहे. जीपीएक्स फाईल देणं दोन मिनिटांचं काम. पण ती घेऊन तुम्ही निघालात आणि अर्ध्यात वनखात्याच्या फाटकापाशी किंवा नुकत्याच टाकलेल्या खडीवर अडकलात, तर त्या फाईलचा उपयोग काय? म्हणून आधी मार्ग कसा ठरवायचा ते सांगतो. मार्गही सांगतो, पण नंतर.

तुम्हाला तीन गोष्टी एकदम हव्या आहेत: दाट जंगल, कच्चा रस्ता आणि बिनधास्त जाता येणं. कोयनेच्या भागात या तिन्ही एकत्र मिळत नाहीत. इथलं खरं दाट जंगल म्हणजे कोयना अभयारण्य (१९८५ पासून) आणि दक्षिणेला चांदोली राष्ट्रीय उद्यान (२००४). दोन्ही मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही. वासोट्याच्या किल्ल्यावर जाणारे लोकसुद्धा बामणोलीला परवानगी काढतात, लाँचने पलीकडे जातात, चालत वर जातात आणि त्याच दिवशी परत येतात. उपग्रहचित्रात त्या झाडीत ज्या सुरेख पांढुरक्या रेषा दिसतात, त्या एकतर वनखात्याच्या गस्तीच्या वाटा असतात, नाहीतर उठून गेलेल्या गावांच्या जुन्या वाटा. त्यातल्या काही थेट कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात उतरतात. सायकल घेऊन तिथे जायचा विचार सोडून द्या. दंड होईल म्हणून म्हणत नाही. आपल्यातल्या एकाने असं काही केलं की पुढच्या वेळी साध्या गावरस्त्यावरही सायकलवाल्यांना हटकतात.

मग उरतं काय? भरपूर उरतं. अभयारण्याच्या कडेने जाणारे माथ्यावरचे रस्ते उरतात, आणि ग्रॅव्हल बाईकला तेच जास्त मानवतात. नकाशा समोर घ्या. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सरळ दक्षिणेकडे निघते. तिच्या पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य धार, पूर्वेला बामणोलीची रांग, आणि या दोहोंमध्ये ती हेळवाकपर्यंत वाहते. तिथे काटकोनात वळून कराडच्या दिशेला जाते. साताऱ्याहून कासला जाता तेव्हा तुम्ही या बामणोली रांगेवर चढता, आणि बामणोलीला उतरता तेव्हा रांग ओलांडून कोयनेच्या खोऱ्यात पोचता. चाळकेवाडीचं, वनकुसवड्याचं, सडावाघापूरचं पठार हे सगळं याच रांगेच्या आणि तिच्या फाट्यांच्या डोक्यावर आहे.

यात सायकलस्वाराच्या फायद्याची गोष्ट अशी: एकदा माथ्यावर चढलात की उंची टिकते. सातारा सातशे मीटरच्या आसपास, कासचं पठार बाराशेच्या आसपास. म्हणजे सकाळी एक मोठा चढ, मग सडा, म्हणजे माथ्यावरचं सपाट कातळाचं पठार. खोऱ्यातून जाल तर प्रत्येक ओढ्याला खाली आणि प्रत्येक सोंडेला वर. नकाशावर रस्ता जलाशयाच्या काठाने सपाट दिसतो, संध्याकाळी घड्याळ बघता तर माथ्यावरच्या मार्गापेक्षा चढ जास्त भरलेला असतो. पहिल्यांदा येणाऱ्याला मी कधीच खोऱ्याच्या मार्गाने नेत नाही.

आता पृष्ठभागाबद्दल. यात सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सड्यावर जांभा, म्हणजे लालसर सच्छिद्र दगड, असतो. कोरडा असला की टायरला त्याच्यासारखी पकड कुठेच नाही, पण त्याच्या कडा धारदार असतात आणि खळगे खोल. टायरमध्ये हवा फार कमी ठेवलीत तर रिम आपटते. सायकल, सामान आणि तुम्ही मिळून ९० किलोच्या आसपास असाल तर ४० मिमीच्या ट्यूबलेसला पुढे ३० आणि मागे ३३-३४ पीएसआयने सुरुवात करा. परदेशी व्हिडिओत सांगतात तसं २५ वर उतरू नका. ते आकडे गोल गोट्यांच्या रस्त्यांसाठी असतात.

मुरमाचा रस्ता हे खरं सुख. या भागात तो जास्तीत जास्त सापडतो पवनचक्क्यांमुळे. पवनचक्कीचं पातं घेऊन येणारा ट्रेलर लांबलचक, त्याच्यामागे क्रेन. त्यांना उभा चढ आणि आखूड वळण चालत नाही, म्हणून पठारावर रुंद, बेताच्या चढाचे, दाबून केलेले मुरमाचे रस्ते झाले. चाळकेवाडीला वर पोचलात की त्यांचं जाळंच लागतं. अडचण अशी की प्रत्येक चक्कीला एक फाटा, आणि फाटा चक्कीच्या बुंध्याशी संपतो. धुक्यात तर सगळे फाटे सारखेच. तेव्हा स्क्रीनपेक्षा जमिनीकडे बघा. दोन चाकोऱ्यांच्या मधे गवत उभं असेल तर तो चक्कीचा फाटा. मधे गवत नसेल आणि एका कडेला वीतभर रुंदीची गुळगुळीत पट्टी पडलेली असेल, तर ती किटल्या बांधून रोज जाणाऱ्या दूधवाल्यांच्या मोटरसायकलींची. ती पट्टी गावाला जातेच. बुंध्यावर चक्कीचा नंबर रंगवलेला असतो, तोही लक्षात ठेवा. काही झालं तर फोनवर ‘अमुक नंबरच्या चक्कीपाशी आहे’ एवढं सांगितलं तरी तिथल्या माणसाला जागा कळते.

तिसरा प्रकार खडीचा, आणि तो टाळायचा. गावरस्ता पक्का करताना आधी मुठीएवढी खडी पसरतात, रोलर फिरवतात, वरून मुरूम टाकतात, आणि मग डांबराची वाट बघत काम थांबतं. कधी कधी पुढच्या पावसाळ्यापर्यंत. तोवर मुरूम वाहून जातो आणि मोकळी खडी उरते. त्यावर ४० मिमीचा टायर काय आणि ५० चा काय, चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरतं आणि उतारावर पुढचं चाक स्वतःच्या मर्जीने जातं. ‘काम चालू’चा नवा फलक दिसला की वर चढण्याआधी समोरून येणाऱ्या एखाद्या मोटरसायकलवाल्याला थांबवून विचारा. ‘रस्ता कसा आहे’ असं विचारू नका, उत्तर ‘चांगला आहे’ असंच येणार. ‘खडी टाकलीय का, किती लांबपर्यंत?’ असं विचारा.

याच कारणाने मी जुन्या जीपीएक्सवर विसंबत नाही. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २००० साली सुरू झाली. तेव्हापासून वाडीवस्तीपर्यंत डांबर पोचत गेलं आणि अजून पोचतंय. तीन वर्षांपूर्वी कुणी ‘अस्सल ग्रॅव्हल’ म्हणून टाकलेला ट्रॅक आज पूर्ण काळा असू शकतो. ही तक्रार नाही. त्या वाडीतल्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला रस्ता हवाच, आपल्या हौसेसाठी तो कच्चा राहावा असं कोण म्हणेल? फक्त नियोजनात धरा. या योजनेच्या रस्त्यांवर आणखी एक खूण कामाची आहे: डांबराच्या मधेच सिमेंटचा तुकडा दिसला तर समजा की चढ उभा आहे. डांबर टिकत नाही अशाच ठिकाणी बहुतेकदा काँक्रीट घालतात.

स्ट्राव्हा या ॲपचा हीटमॅप (लोक जास्त कुठून जातात ते उजळ रेषांनी दाखवणारा नकाशा) जरूर बघा, पण फक्त सायकलचा थर चालू ठेवून. नाहीतर यवतेश्वरचा घाट झगझगीत दिसेल आणि तुम्हाला वाटेल की सायकलवाल्यांची जत्राच भरते. ती बरीचशी पळणाऱ्यांची कमाई आहे, सातारा हिल हाफ मॅरेथॉन तिथेच होते. ओपनस्ट्रीटमॅपवर तुटक रेषेने दाखवलेली वाट ही बऱ्याचदा ट्रेकरची पायवाट असते. त्यावर सायकल खांद्यावर घ्यावी लागेल.

आता तुमच्या सायकलबद्दल स्पष्टच बोलतो. ४०/४२ म्हणजे सगळ्यात हलका गिअर जेमतेम एकास एकच्या खाली. चाकाचा परीघ साधारण २.२ मीटर. मिनिटाला ६० पायडल मारलीत तर वेग ताशी साडेसात किलोमीटर. बारा टक्क्यांच्या चढावर ९० किलो वजन या वेगाने वर न्यायला, कच्च्या रस्त्याचा अडथळा धरून, अडीचशे वॅटच्या वर ताकद लागते. पाच मिनिटं निघेल, तासभर नाही. पुढची चेनरिंग ३२ ची केलीत तर त्याच लयीत वेग सहाच्या आसपास येतो आणि दोनशेच्या आसपास भागतं. चेनरिंग बदलणं हा या सगळ्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी खर्च आहे. सामानाच्या पिशव्या नंतर घ्या. उतारावर ३२ कमी पडेल असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा की कच्च्या उतारावर पायडल मारायला वेळ कुणाला असतो.

रोज शंभर किलोमीटरचं गणितही मोडून बघू. माझा ढोबळ हिशेब असा: अशा मिश्र रस्त्यावर पंधरा किलोमीटरला एक तास, आणि दर चारशे मीटर चढाला आणखी एक तास. पन्नास किलोमीटर आणि बाराशे मीटर चढ म्हणजे सहा तास वीस मिनिटं झाली. त्यात जेवण, फोटो, पंक्चर, रस्ता विचारणं. जानेवारीत साताऱ्यात उजाडायला सात वाजतात आणि सव्वासहाच्या सुमाराला सूर्य जातो. शंभर किलोमीटर धरलेत तर शेवटचे दोन-तीन तास अंधारात, आणि त्याच वेळी गवे रस्त्यावर येतात. पन्नास ते साठ पुरे. तुम्ही तयारीचे असाल, घाटांची सवय असेल, तर सत्तर. हे तुमच्या पायांवर आहे, मी इथून सांगू शकत नाही.

तर तीन दिवसांचं मी असं जुळवीन. पहिले दोन दिवस मुक्काम साताऱ्यातच, सामान खोलीवर, सायकल हलकी.

पहिल्या दिवशी सज्जनगडाच्या पायथ्याशी जाऊन पुढे ठोसेघर, तिथून चढून चाळकेवाडी. इथपर्यंत डांबर आहे, ते मान्य करून टाका. वर पोचल्यावर पवनचक्क्यांच्या मुरमावर मनसोक्त फिरा आणि त्याच रस्त्याने उतरा. त्याच रस्त्याने येण्यात कमीपणा नाही. रस्ता माहीत झाला की उतार सुरक्षित होतो. फक्त मुरमाचा रस्ता सोडून सड्यावर चाक घालू नका. सड्याच्या दगडांत पंख्यासारखा गळा फुगवणारा एक सरडा राहतो. २०१६ साली ‘सरडा सुपर्बा’ या नावाने ही जात नव्याने नोंदली गेली ती चाळकेवाडीच्याच पठारावरून. उन्हाळ्यात गेलात तर नर दगडावर चढून निळा-काळा-नारिंगी गळा दाखवत बसलेले दिसतील. जानेवारीत नाही दिसणार.

दुसरा दिवस कास. यवतेश्वरचा घाट भल्या सकाळी चढा, गाड्या वाढायच्या आत. कासच्या पठारावरून महाबळेश्वरच्या दिशेला माथ्याने जाणारा जुना राजमार्ग आहे, कुमुदिनी तळं त्याच्याच वाटेवर. जमेल तेवढं पुढे जा, दुपारी एकला जिथे असाल तिथून मागे फिरा. कोणता तुकडा कच्चा आणि कोणता पक्का हे दर हंगामाला बदलतं, म्हणून अंतर आखून देत नाही. एक अट: ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, फुलांच्या दिवसांत, हा विचारच करू नका. तेव्हा प्रवेशावर निर्बंध असतात, माणसं मावत नाहीत, आणि २०१२ पासून जागतिक वारसा असलेल्या पठारावर फुलांच्या मधून सायकल नेणाऱ्याला लोक बोलतात ते बरोबरच बोलतात.

तिसऱ्या दिवशी सामान घेऊन निघा. पुन्हा कास, तिथून बामणोलीला उतार, लाँचने तापोळा. लाँचवाल्याशी सायकलचं आधी बोलून घ्या. पाण्यावर असताना सायकलचं मागचं चाक टपाला बांधा, नुसती टेकवून ठेवू नका. या भागात कोयना, सोळशी आणि कांदाटी एकत्र येतात आणि पलीकडच्या काठाला अभयारण्याची गच्च झाडी दिसते. तुम्हाला हवं होतं ते दाट जंगल ते. तापोळ्याहून महाबळेश्वरला पंचवीस-तीस किलोमीटरमध्ये सातशे मीटरच्या वर चढायचं आहे, शेवटचा टप्पा सावलीतून. दमलात तर तापोळ्यालाच राहा. महाबळेश्वरहून केळघर घाटाने मेढ्यावरून साताऱ्याला खाली येता येतं.

पावसाळ्यात हे सगळं रद्द. लाल माती टायर आणि फ्रेमच्या मधे भरली की चाक फिरतच नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवत कमरेएवढं असतं आणि चाकोऱ्या त्यात लपतात. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चनंतर वणवे आणि पाण्याचे वांधे.

पाण्याचं जरा सांगतो, कारण सड्यावर त्याची फसगत होते. जांभा पाणी धरून ठेवत नाही, ते खाली मुरतं आणि जांभ्याचा थर संपून खालचा थर सुरू होतो तिथे झऱ्यातून बाहेर येतं. म्हणून भर सड्यावर पाणी नसतं आणि कडेला, जरा खाली, धनगरवाड्यापाशी असतं. विचारून घ्या, सायकल बाहेर ठेवून जा, आणि त्यांच्या हंड्यातून न घेता झऱ्यावर जाऊन भरा. जानेवारीत तीन लिटर घेऊन निघालात तर अडणार नाही.

एकट्याने जायचं का? पहिले दोन दिवस चालेल, रस्ता ओळखीचा होतो आणि माथ्यावर बहुतेक ठिकाणी फोन लागतो. तिसऱ्या दिवशी कुणीतरी सोबत घ्या. खोऱ्यात नेटवर्क जातं. सायकल मोडली तर वडाप जीप किंवा दुधाचा टेम्पो मिळतो, पण दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंही नसतं. आणि असलं तर ते धनगराचं असतं. मेंढरांजवळून जाताना पळवून सुटायचा प्रयत्न करू नका. उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मधे धरा, चालत पुढे जा, धनगराला हाक मारा.

गव्याचं वेगळं. सायकल आवाज करत नाही, त्यामुळे वळणावर आपण एकदम त्याच्यासमोर जातो. झाडीतल्या आंधळ्या वळणाआधी घंटी वाजवा किंवा मोठ्याने बोला. समोर दिसला तर थांबा, मागे सरा, त्याला जाऊ द्या. मग घंटी नको. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरतो, त्याच्याशी वाटेवरून वाद घालू नये.

आंबोली-तिलारी याच सहलीत जोडू नका. तो वेगळा मुलूख आहे. तिथे सावली जास्त, दमटपणा जास्त, आणि दोडामार्ग-सावंतवाडीच्या बाजूला जानेवारी ते मे हा माकडतापाचा हंगाम. २०१६ मध्ये तिथे साथ आली होती. तो गोचिडीतून पसरतो, म्हणजे गवतात बसणं, पाचोळ्यात सायकल आडवी टाकणं बंद. माकड मेलेलं दिसलं तर तिथून निघा आणि जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा. तिकडे कधी जायचं आणि कोणत्या वाटेने, हे स्थानिकांना विचारूनच ठरवा.

शेवटी पिशवीत काय असावं. बाकीचं सगळं तुम्हाला माहीत असेल, दोनच गोष्टी सांगतो. तुमच्याच फ्रेमला बसणारा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग ज्या पट्टीवर बसतो ती) जादा घ्या. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि ऐनवेळी दुकानात मिळत नाही. आणि निघायच्या आठवडाभर आधी टायर हलवून बघा, आत सीलंट, म्हणजे छोटी भोकं आपोआप बुजवणारा द्रव, सळसळतंय का. पुण्याच्या उन्हात दोन-तीन महिन्यांत ते वाळतं, आणि करवंदीचा काटा पहिल्याच दिवशी लागतो. निघायची तारीख पक्की झाली की चेनरिंग बदललीत का तेवढं कळवा. नसेल बदलली तर तिसरा दिवस उलटा करायला सांगेन: वर महाबळेश्वरपर्यंत गाडीने, मग तापोळ्याला उतार.